‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मुलांनी पाहावी का? : ताराबाई पार्क, कोल्हापूर येथील आमच्या सोसायटी ग्रुपवरील चर्चा

शिंदे वहिनी (बी-२०३): नमस्कार. सुटी लागल्यापासून मुले रंकाळ्यावर जायचे सोडून ही मालिका पाहत बसली आहेत. एका विक्षिप्त शास्त्रज्ञाने लहान मुलीला प्रयोगशाळेत कोंडून ठेवल्याचे प्रसंग सातवीतल्या मुलांनी पाहावेत का, याबद्दल जाणत्यांनी कृपया मत द्यावे.

कुलकर्णी सर (ए-४०१): वहिनी, पाहू द्यावे, पण शेजारी बसावे. तो शास्त्रज्ञ, डॉ. ब्रेनर, मला विक्षिप्त मुळीच वाटत नाही. तो शांत, नीटनेटका सरकारी माणूस आहे आणि भीती वाटते ती त्याचीच. पहिल्या पर्वात तो त्या मुलीला, इलेव्हनला, मांजरावर मनाची शक्ती चालवायला लावतो, ती नकार देते, तेव्हा पहारेकरी तिला फरफटत कोठडीकडे नेतात आणि ती त्या दोघांनाही जागीच संपवते. मेलेल्यांचे त्याला काहीच नाही. तो तिच्या गालावरून हात फिरवतो आणि तिला उचलून घेतो. हातावर ०११ हा आकडा गोंदवलेली ती पोर त्याला ‘पपा’ म्हणते!

पाटील दादा (बी-१०१): सर, त्याचाही तिच्यावर जीव होताच की. शिवाय ही सगळी कल्पना आहे. कोणते सरकार असे करू देईल?

कुलकर्णी सर: करू दिले आहे, दादा. इलेव्हनची आई मनावर ताबा मिळवण्याच्या प्रयोगांच्या ज्या ‘एमके-अल्ट्रा’ प्रकल्पात सापडलेली दाखवली आहे, तो सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने १९५३ मध्ये खरोखरच सुरू केला होता. त्यात अनेकांना त्यांच्या नकळत एलएसडी हे भ्रम निर्माण करणारे अमली द्रव्य दिले गेले आणि १९७३ मध्ये संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या आदेशावरून बहुतेक कागदपत्रे नष्ट करण्यात आली. प्रकल्पाची सूत्रे सिडनी गॉटलिब या उच्चशिक्षित रसायनशास्त्रज्ञाकडे होती, म्हणजे तिथेही कोणी माथेफिरू मोकाट सुटला नव्हता. राहिला जीव असण्याचा प्रश्न. चौथ्या पर्वात मरता मरता ब्रेनर तिच्याकडे समजून घेण्याची याचना करतो, ती फक्त निरोप घेते.

डॉ. माने मॅडम (ए-२०२): आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांवरील संशोधनात पालकांच्या परवानगीबरोबरच सात वर्षांपुढील मुलाचा होकारही घ्यावा लागतो, आणि बारा वर्षांनंतर तो लेखी लागतो. मांजराच्या प्रसंगातला तिचा नकार मुलांना आवर्जून दाखवा.

पाटील दादा: मॅडम, हे ठाऊक नव्हते. तरीही चौथे पर्व फार रक्तरंजित आहे, ते सध्या नको.

शिंदे वहिनी: सर्वांचे आभार. मग पहिले पर्व आम्ही दोघे मुलांसोबत बसून पाहू आणि चौथे दहावीनंतर.