मदत हवी आहे: वीनरचा हल्ला चालतोय, पण आरएसएची खासगी किल्ली निघत नाही

शून्यशेष:
सरावाच्या कोड्यात आरएसए या कूटपद्धतीची सार्वजनिक किल्ली, म्हणजे एन (पी आणि क्यू या दोन अविभाज्य संख्यांचा गुणाकार) व ई (घातांक), आणि सांकेतिक मजकूर दिलाय. ई अवाढव्य, म्हणजे डी (खासगी किल्ली) बहुधा लहान, म्हणजे वीनर: ई/एनच्या जवळ जाणाऱ्या साध्या अपूर्णांकांतून (कन्व्हर्जंट) डी शोधायचा. पायथनमध्ये लिहिला. एरर नाही, पण तीसेक कन्व्हर्जंट निघतात आणि लूप संपतो. गणित बरोबर आहे. आज रात्रीच उत्तर द्यायचंय, लवकर सांगा.

खडूफळा:
एन किती बिटांचा? डी किती बिटांचा? अपूर्णांक काढलात ती ओळ द्या, कोड न बघता काय सांगणार?

मूळसंख्या:
वीनर राहू द्या, आधी एन फोडायची फर्माची रीत लावा. एनच्या वर्गमूळाच्या लगतच्या वरच्या पूर्णांकापासून ए एकेकाने वाढवा. ए वर्ग वजा एन पूर्ण वर्ग झाला की पी, क्यू हातात.

खडूफळा:
पी आणि क्यू अगदी जवळजवळ असतील तरच. इथे तसा मागमूस नाही. ई एवढा मोठा दिलाय तो उगाच नाही.

शून्यशेष:
एन १०२४ बिट, ई जवळपास तेवढाच. ओळ: फ्रॅक्शन(ई / एन). यात काय चुकणार?

बारकावा:
तिथेच घोळ आहे. तिरकी रेघ आली की पायथन आधी फ्लोट (मर्यादित अचूकतेची दशांश संख्या) बनवतो, अचूकता ५३ बिट. पुढचं सगळं त्या फ्लोटचं निघतं, तुमच्या ई-एनचं नाही. १०२४ बिटांच्या जोडीला साधारण ६०० पायऱ्या लागतात. फ्रॅक्शन(ई, एन) लिहा, मध्ये स्वल्पविराम.
पडताळा घ्या: एन ९०५८१, ई १७९९३. ई/एनचे एकामागून एक भागाकार ०, ५, २९, ४... कन्व्हर्जंट के/डी असा वाचायचा; दुसरा १/५, म्हणजे के १, डी ५. फाय, म्हणजे (पी − १)(क्यू − १), = (ई × डी − १) ÷ के = (१७९९३ × ५ − १) ÷ १ = ८९९६४. पी + क्यू = एन − फाय + १ = ६१८. त्याचा वर्ग वजा ४ एन = १९६००, म्हणजे १४० चा वर्ग. पी ३७९, क्यू २३९. इथे फ्लोटनेही उत्तर येतं, म्हणून लहान चाचणीत हा दोष लपतो.
वर्गमूळाला आयएसक्यूआरटी (पूर्णांकी वर्गमूळ) वापरा, एसक्यूआरटी नको, तेही फ्लोटच. के शून्य असलेला कन्व्हर्जंट सोडा.

लोखंडीघण:
एवढा खटाटोप कशाला? कॅडो-एनएफएस या अवयव पाडणाऱ्या प्रोग्रॅमने एन फोडून टाका.

बारकावा:
८२९ बिटांचा आरएसए-२५० (आव्हान म्हणून दिलेला एन) त्यानेच २०२० मध्ये फुटला, सुमारे २७०० कोअर-वर्षं खर्चून. हा १०२४ बिटांचा आहे आणि यांना आज रात्री उत्तर हवंय.

शून्यशेष:
स्वल्पविराम केला. सहाशेच्या आसपास पायऱ्या झाल्या, तरी डी नाही!!

खडूफळा:
डीचे बिट अजून सांगितले नाहीत.

शून्यशेष:
कोड्यात २६५ लिहिलेत. लहानच की.

खडूफळा:
वीनरसाठी नाही. त्याची मर्यादा एनच्या चौथ्या मुळाचा तिसरा हिस्सा, इथे जेमतेम २५४ बिट. बोने-डर्फीचा हल्ला (१९९९) एनच्या ०.२९२ घातापर्यंत पोचतो, म्हणजे २९९ च्या आसपास. सेज या गणिती सॉफ्टवेअरमध्ये चालवा. २६५ ÷ १०२४ = ०.२५९, म्हणून डेल्टा (डी एनच्या कितव्या घाताएवढा) ०.२६, एम (लॅटिसचा आकार ठरवणारा आकडा) ४ पासून. समीकरणाचं मूळ मिळालं नाही तर एम एकेकाने वाढवा. लॅटिस (सदिशांची जाळी) मोठी होत जाते आणि तिच्यातले लहान सदिश शोधणाऱ्या एलएलएलला वेळ भराभर चढतो, त्यामुळे सुरुवातीलाच एम १० ठेवून बसू नका.

मूळसंख्या:
फर्मा दोन मिनिटांचं काम आहे, तेवढं तरी बघा.

शून्यशेष:
सेज विंडोजवर चालतं का?

बारकावा:
डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) टाका.