हेडफोनचा आवाज फुल करूनही कुजबुजच. मदत हवी आहे (तातडीने)

घाईत_आहे
कॉम्प्युटरवर हेडफोनचा आवाज वाढवायचा कसा? १०० वर आहे, त्यामुळे "आधी व्हॉल्यूम बघा" असं कृपया कोणी सांगू नका. एका मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचंय. ४७ मिनिटांचं आहे, दोन तासांत ४ मिनिटं झालीत. सोमवारी सकाळी द्यायचंय.

रानभूल
विंडोज का मॅक? लॅपटॉप का डेस्कटॉप? वायरचा का ब्लूटूथ? आणि तोच हेडफोन दुसरीकडे लावून पाहिलात का?

घाईत_आहे
विंडोज. हेडफोनला काही झालेलं नाही, मोबाइलला लावला की खणखणीत वाजतो.

रानभूल
चारांतल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली. चालू द्या.

सोऱ्या
सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड, तिथे सगळ्यात खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज'. हेडफोनवर डबल क्लिक करून 'एन्हान्समेंट्स'मध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन'वर टिक करा. त्याच खिडकीत 'कम्युनिकेशन्स' टॅबवर 'डू नथिंग' निवडा. कॉल चालू आहे असं वाटलं की विंडोज बाकीचे आवाज आपणहून ८० टक्क्यांनी उतरवतं, आणि हे मुळातच चालू असतं. माझे दोन महिने यात गेले होते. व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्लेअरची पट्टी वेगळी असते, तीही बघा.

पेंग्विनवाला
उबुंटू टाका. साउंडमध्ये 'ओव्हर-अ‍ॅम्प्लिफिकेशन' चालू केलं की पट्टी १०० च्या पुढे जाते. विंडोजची कटकटच नको.

सोऱ्या
सोमवारी काम द्यायचंय त्यांना. आज रात्री ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची का?

पेंग्विनवाला
पेनड्राइव्हवरूनही चालतं. वीस मिनिटांचं काम आहे.

चहा_कमी_साखर
व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल उघडा, त्याची पट्टी १२५ पर्यंत जाते. विषय संपला.

अनुस्वार
१०० च्या पुढे नेलं की लाटांची टोकं कापली जातात आणि आवाज फाटतो. भरलेल्या बादलीवर नळ मोठा सोडून काय उपयोग?

चहा_कमी_साखर
बादली भरलेली आहे हे कोणी सांगितलं? रेकॉर्डिंगच हळू असेल तर वर भरपूर जागा असते. आणि मुलाखत आहे, मैफल नाही. फाटला तर फाटला, शब्द कळले म्हणजे झालं.

अनुस्वार
मग ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) उघडून लाट बघा ना. बारीक दोऱ्यासारखी दिसली तर रेकॉर्डिंग हळू आहे, तिथेच 'अ‍ॅम्प्लिफाय' करून घ्या. जाडजूड दिसली तर दोष दुसरीकडे.

निवांत
सॅमसंगचा मोबाइल असेल तर सेटिंग्जमध्ये मीडिया व्हॉल्यूम लिमिट असतं, ते बंद करा. माझं लगेच झालं.

रानभूल
मोबाइलवर खणखणीत येतो असं वर लिहिलंय हो.

कानसेन
आवाज वाढवण्याच्या मागे लागण्याआधी कानांचा विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. डेसिबल दहाने वाढले की तास दहापट कमी!

घाईत_आहे
मला कुजबुज ऐकू येतेय आणि मला बहिरेपणाचा इशारा.

आभाळमाया
मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून मी अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' कायम चालू ठेवते. रेकॉर्डिंगचा आवाज एकाच बाजूला गेला असेल तर याने दोन्हीकडे येतो. करून बघ गं.

घाईत_आहे
सगळं करून झालं. एन्हान्समेंट्स नावाचा टॅबच नाही. डू नथिंग केलं, खरोखरच नथिंग झालं. ऑडॅसिटीत लाट चांगली जाडजूड आहे. आणि मोनो केल्यावर होता तेवढाही आवाज गेला. पूर्ण शांतता. आभार.

सोल्डरकाका
थांबा. मोनोवर पूर्ण गेला? मग आधी मोनो बंद करा. अलीकडचं कुठलंही सिनेमाचं गाणं लावा (जुनी नको, ती बरीचशी मोनोच असतात) आणि सांगा, गाणारी बाई ऐकू येते का नुसती वाद्यं?

घाईत_आहे
गाणी ऐकायला वेळ नाहीये. लावलं तरी. व्हायोलिन, टाळ्या वगैरे व्यवस्थित आहेत, बाई मात्र विहिरीच्या तळाशी बसून गातेय. आता तुम्ही विचारलंत म्हणून, रेकॉर्डिंगमध्येही पंखा, कपबश्या, बाहेरची लोकल हे कळतं, आजोबाच ऐकू येत नाहीत. प्रत्यक्षात ते इतक्या मोठ्याने बोलत होते की शेजारचे डोकावून गेले. गिरणीत होते.

लालबागकर
गिरणी कामगार म्हटल्यावर राहवलं नाही. आमचे वडील साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या खात्यात होते. तिथे शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी खुणांनी नाहीतर ओरडूनच बोलायचं, तीच सवय घरी. आई म्हणायची, हळू बोला, चाळीला कळतंय. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला, साचे थांबले, पण वडिलांचा आवाज काही खाली आला नाही. आजोबा कुठल्या गिरणीत होते?

कानसेन
म्हणूनच म्हणत होतो, ९० डेसिबल...

सोल्डरकाका
हेडफोनमध्ये डावी, उजवी आणि दोघांची मिळून परतीची, म्हणजे ग्राउंडची वायर असते. ती परतीची कुठे सुटली तर करंट एका कानातून जाऊन दुसऱ्या कानातून परत येतो, आणि तुम्हाला डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. बोलणारा समोर बसलेला, त्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो वजा होतो. पंखा कोपऱ्यात, म्हणून उरतो. मोनोत दोन्ही बाजू एकच, म्हणून शून्य. आता पिनवर काळ्या रेघा किती ते मोजा. आणि मध्ये काही जोडलंय का?

घाईत_आहे
रेघा तीन. मोबाइलचाच आहे, माइकवाला. मध्ये एक्स्टेन्शन वायर आहे, सीपीयू टेबलाखाली भिंतीला टेकून आहे म्हणून. हे सांगायचं असतं का?

रानभूल
डेस्कटॉप! शेवटी एकदाचं कळलं.

सोल्डरकाका
तीन रेघा म्हणजे तुमची पिन चार पट्ट्यांची. ती स्वस्तातली एक्स्टेन्शन तीन पट्ट्यांची असणार, तिचा ग्राउंडचा पत्रा तुमच्या माइकच्या पट्टीवर टेकत असणार. खात्री करायची तर हेडफोनच्या वायरवरचं बटण दाबून धरा. त्याने माइक आणि ग्राउंड आत जोडले जातात.

घाईत_आहे
आजोबा आले!!! केवढ्याने ओरडले! कान गेला माझा. १०० वरच होतं.

कानसेन
आता तरी आवाज खाली घ्या.

सोल्डरकाका
एक्स्टेन्शन काढून सीपीयूच्या मागच्या हिरव्या जॅकला थेट लावून बघा. बहुतेकदा चालतं. पक्कं काम हवं असेल तर वाय कनेक्टर घ्या: एका बाजूला चार पट्ट्यांचं भोक, दुसऱ्या बाजूला दोन पिना, एक हिरव्यात, एक गुलाबीत. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल.

घाईत_आहे
थेट लावायला वायर पुरत नाही. पुढच्या जॅकमध्ये मुलाने पेन्सिलीचं टोक मोडून ठेवलंय. दुकानं उघडेपर्यंत बटण धरून एका हाताने टाइप करू का?

निवांत
ब्लूटूथ घ्या.

आभाळमाया
अगं, कपडे वाळत घालायचा चिमटा लाव त्या बटणावर.

पेंग्विनवाला
उबुंटूत ग्राउंडचा प्रॉब्लेम येत नाही.

सोल्डरकाका
येतो.

घाईत_आहे
चिमटा लावलाय, आवाज ३० वर पुरतोय. ११ व्या मिनिटावर आहे. लालबागकर, आत्ता ते साच्याचंच सांगतायत, धोटा (मागावर आडवं सूत नेतो तो) उडून कपाळाला कसा लागला ते. गिरणीचं सोमवारनंतर लिहिते.