डायप्रोसोपसला मराठीत काय म्हणायचं? दुतोंडी, द्विमुख की सयामी?

एका वैद्यकीय लेखाचं भाषांतर करतेय, त्यात डायप्रोसोपस आलंय. म्हणजे धड एक, डोकं एक, पण चेहरा किंवा त्याचा काही भाग दोनदा तयार झालेला. मराठी बातम्यांत बघितलं तर कुठे दोन तोंडांचं बाळ, कुठे दोन डोक्यांचं, कुठे सयामी जुळं, सगळं एकाच गोष्टीला. नक्की कोणता शब्द घेऊ?

---

ताई, दुतोंडी तर अजिबात नको. माणसाला दुतोंडी म्हटलं की तो लबाड, इकडे एक तिकडे एक बोलणारा, आणि सापाला म्हटलं की मांडूळ, त्याला तर खरं तोंड एकच असतं, शेपूट बोथट म्हणून लोक तसं म्हणतात. असला शब्द नवजात बाळाला का चिकटवायचा? मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही दोन चेहरे एवढाच आहे, त्यामुळे द्विमुख चालेल. फक्त एक अडचण, आपल्याकडे मुख काय नि तोंड काय, दोन्हीचा अर्थ चेहराही होतो आणि खायचं तोंडही, आणि या व्यंगात कधीकधी नुसतं नाकच दुहेरी असतं, तोंड एकच. म्हणून मी दुहेरी चेहरा लिहीन. दुहेरीकरण नको, ते रेल्वेमार्गाचं वाटतं. आणि विकृती पण टाळा हो, डॉक्टरांच्या पुस्तकात ठीक आहे पण एरवी विकृत म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये, जन्मजात व्यंग लिहा.

---

वरच्याशी सहमत, पण माझ्या मते खरा घोळ डोकं आणि चेहरा यांतला आहे. डायसेफॅलस म्हणजे धड एक नि डोकी दोन, तिथे मेंदू दोन, म्हणजे माणसं दोन! १९९० साली अमेरिकेत जन्मलेल्या अ‍ॅबी आणि ब्रिटनी हेन्सेल बघा, दोघींनी ड्रायव्हिंगची परीक्षा वेगवेगळी दिली, लायसन्सही दोन, गाडी मात्र दोघी मिळून चालवतात कारण एकेक हात एकेकीच्या ताब्यात. त्यांना 'दोन डोक्यांची मुलगी' म्हणणं म्हणजे एका बहिणीला पुसूनच टाकणं. तिथे 'जुळ्या मुली जन्मल्या' असं अनेकवचनच हवं. डायप्रोसोपसमध्ये उलट, बाळ एकच, तिथे 'बाळ जन्मलं'. जुन्या वर्गीकरणात यालाही जोडजुळ्यांच्या एका टोकाला बसवतात, म्हणून गोंधळ होतो. पण चेहरा दुहेरी व्हायला जुळंच लागतं असं नाही: चेहऱ्याची रुंदी ठरवण्यात सॉनिक हेजहॉग नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो, कोंबडीच्या भ्रूणावरच्या प्रयोगात ते जास्त झालं तर चेहरा रुंदावून भाग दुहेरी व्हायला लागले, आणि ते फारच कमी पडलं तर दोन डोळ्यांच्या जागी मधोमध एकच डोळा होऊ शकतो. जॅनिसेप्स हे अजून तिसरंच, त्यात दोन जुळ्यांची डोकी नि छाती एकमेकांत मिसळून चेहरे विरुद्ध दिशांना होतात, त्याला द्विमुख म्हणू नका.

---

धन्यवाद, एकवचन-अनेकवचनाचं डोक्यातच आलं नव्हतं. मग सयामी ठेवू की जोडजुळी?

---

जोडजुळी. सयामी शब्द चँग आणि एंग या भावांमुळे आला, १८११ साली सयाममध्ये म्हणजे आताच्या थायलंडमध्ये जन्मले, छातीखाली एका पट्ट्याने जोडलेले, यकृतंही आतून जोडलेली. पुढे अमेरिकेत शेती केली, लग्नं केली, दोघांना मिळून २१ मुलं झाली, १८७४ मध्ये काही तासांच्या अंतराने गेले. त्यांच्या देशाचं नाव जगभरच्या जोडजुळ्यांना कशाला? पण वाचकांना सयामीच ओळखीचं आहे, म्हणून पहिल्यांदा 'जोडजुळी, म्हणजे ज्यांना सयामी म्हणतात ती' असं लिहून पुढे फक्त जोडजुळी ठेवा.

थोरॅकोपॅगस वगैरेंना छातीला जोडलेली, डोक्याला जोडलेली असं सरळ लिहा, पॅगसचा अर्थ घट्ट जोडलेलं एवढाच. पॅरासिटिक ट्विनला, म्हणजे दुसऱ्याच्या शरीराला जोडलेल्या अर्धवट वाढलेल्या जुळ्याला, मात्र परजीवी जुळं लिहू नका, जंतासारखं वाटतं, अपूर्ण जुळं बरं.

आणि डायप्रोसोपसची बहुतेक बाळं मृतच जन्मतात किंवा लगेच जातात, अनेकदा मेंदूचीच वाढ झालेली नसते. तेव्हा शीर्षकात अद्भुत, विचित्र, चमत्कार यातलं काहीही नको, ते कुणाचं तरी गेलेलं मूल असतं. 'दुहेरी चेहऱ्याचं बाळ' एवढं पुरे.