बधिर पायाकडे अधिक लक्ष हवे
मधुमेहात रक्तातली साखर आटोक्यात असली की पायाच्या जखमेची चिंता नको, असे म्हटले जाते. त्याला थोडी जोड द्यावीशी वाटते. साखरेइतकेच महत्त्व पायाच्या संवेदनेला आणि रक्तपुरवठ्याला आहे, आणि पूर्वी एकदा जखम होऊन गेली असेल तर धोका फारच वाढतो, कारण बऱ्या झालेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उद्भवतात. आपल्या खानदेशात कपाशी कापल्यावर रानात उरलेले पऱ्हाटीचे धसकट रबरी चपलेतून आरपार जाते, किंवा मे महिन्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहिल्याने तळव्याला फोड येतो, आणि पाय बधिर असल्यामुळे त्याचा पत्ता अंथरुणावर पडलेल्या डागावरूनच लागतो. तोवर जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचून पाय कापण्याची वेळ येऊ शकते. अशा जखमेत हळद भरून आठवडा घालवणे मला अत्यंत घातक वाटते. १० ग्रॅम दाबाचा नायलॉन तंतू तळव्याला टेकवून संवेदना तपासायला काही मिनिटेच लागतात. ती तपासणी आणि पायाच्या नाडीची तपासणी वर्षातून एकदा तरी, आणि आधी जखम झालेली असल्यास दर एक ते तीन महिन्यांनी, डॉक्टरांकडून आग्रहाने करून घ्यावी.