सल्लार्थी-केंद्रित समुपदेशन ऑनलाइन व्हावे का?

मृण्मयी (धागा लेखिका)

सल्लार्थी-केंद्रित पद्धतीने, म्हणजे सल्लार्थीला (समुपदेशन घेणाऱ्याला) दिशा न देता, त्याचे ऐकून घेत काम करणाऱ्या समुपदेशकाने ऑनलाइन सत्रे घ्यावीत, आणि तीही नाइलाज म्हणून नव्हे तर पूर्ण विश्वासाने घ्यावीत, असे माझे मत आहे. या पद्धतीचे जनक, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली व्यक्तीत बदल घडण्यासाठी आवश्यक आणि पुरेशा अशा सहा अटी मांडल्या. त्यांतील पहिली अट एवढेच सांगते की दोन व्यक्तींमध्ये मानसिक संपर्क असावा. त्या दोघांनी एकाच खोलीत बसावे, असे तिच्यात म्हटलेले नाही. पुढे समुपदेशकाचा अंतर्बाह्य खरेपणा, विनाअट स्वीकार आणि तदनुभूती (सल्लार्थीच्या जागी जाऊन त्याचे मन समजून घेणे) या गोष्टी येतात आणि त्या आवाजातून, शब्दांतून, ऐकून घेण्याच्या रीतीतून पोहोचतात. शिवाय सल्लार्थी ओळखीच्या जागी बसून बोलतो आणि नको वाटले तर स्वतः संवाद थांबवू शकतो. सूत्रे त्याच्या हाती असणे हा तर या पद्धतीचा गाभाच आहे. रॉजर्स यांना यंत्राचे वावडे नव्हते, हेही लक्षात घ्यावे: सत्रांचे ध्वनिमुद्रण करून त्यांचा अभ्यास करण्याची वाट त्यांनीच रुंद केली आणि १९४२ च्या पुस्तकात एका संपूर्ण उपचाराचे ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले संभाषण छापले.

सदानंद

मृण्मयीताई, तुम्ही पहिल्या अटीवर भर दिलात, पण सहावी राहून गेली. समुपदेशकाचा स्वीकार आणि तदनुभूती सल्लार्थीला निदान काही प्रमाणात तरी जाणवली पाहिजे, असे ती सांगते, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. व्हिडिओ कॉलवर समुपदेशक सल्लार्थीच्या चेहऱ्याकडे पाहू लागला की पलीकडच्या पडद्यावर त्याची नजर खाली झुकलेली दिसते. नजरेला नजर मिळाल्यासारखे वाटावे म्हणून तो कॅमेऱ्याकडे पाहू लागला, तर समोरचा चेहरा त्याला धड दिसत नाही. म्हणजे खरे लक्ष दुर्लक्षासारखे दिसते आणि दिखाऊ लक्ष खरे वाटते. ज्या पद्धतीत समुपदेशकाचा खरेपणा हीच पुंजी आहे, तिथे याला किरकोळ तांत्रिक अडचण म्हणता येणार नाही.

शांततेचेही तेच. खोलीत सल्लार्थी गप्प झाला तर त्याचा श्वास ऐकू येतो, बोटांची चाळवाचाळव दिसते, आणि समुपदेशक त्या शांततेत त्याच्याबरोबर थांबू शकतो. पडद्यावर मात्र काही क्षण गेले की कोणीतरी ‘आवाज येतोय ना?’ असे विचारते आणि ओठांवर आलेले वाक्य परत आत जाते. नको असलेला आवाज गाळणारी सोय कधी कधी दबका हुंदकाही गाळून टाकते.

वैदेही

मी सल्लार्थी म्हणून लिहिते आहे. सदानंद यांनी नजरेबद्दल जे म्हटले ते बरोबर आहे, परंतु त्यावरून समोरासमोरच भेटले पाहिजे असे ठरत नाही. माझी सत्रे फोनवर, फक्त आवाजावर होत असत. समोर कोणाचाही चेहरा नसल्यामुळे, मी बोलते आहे ते त्यांना कसे वाटत असेल, हे निरखण्याची माझी जुनी सवय गळून पडली आणि वडिलांवरचा राग मी पहिल्यांदा पूर्ण वाक्यांत बोलू शकले. त्यानंतर बराच वेळ पलीकडून शब्द आला नाही. मग माझ्या समुपदेशक बाई शांतपणे म्हणाल्या, ‘मी आहे, तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या.’ तेवढे मला पुरले.

फक्त टंकलेल्या मजकुरावर चालणाऱ्या समुपदेशनाला मात्र माझा विरोध आहे. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली मांडलेली ‘एलायझा’ ही संगणक-प्रणाली याच पद्धतीच्या समुपदेशकाची नक्कल करून समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत देत असे आणि लोक तिच्याशी मनातले बोलू लागत. आवाज नसेल, तर ऐकून घेणे आणि शब्द परत करणे यांतला फरक सल्लार्थीने ओळखायचा कसा?

सदानंद

वैदेहीताई, तुमचा अनुभव मला पूर्ण मान्य आहे. पण तुम्हाला मोकळेपणी बोलता येईल अशी जागा होती. ज्याच्यावर घरातलीच व्यक्ती दडपण आणते, त्याला ‘आपल्या घरून बोला’ असे सांगणे म्हणजे दाराशी कान लावणाऱ्याच्या देखत बोलायला लावणे. आणि सत्र चालू असताना त्याने जीव देण्याचा विचार बोलून दाखवून फोन ठेवला, तर समुपदेशक काय करणार?

मृण्मयी

सदानंद, याचे उत्तर पहिल्याच सत्रात द्यावे लागते. सल्लार्थी आत्ता कुठे आहे, जवळ कोण आहे, संपर्क तुटला तर कोणी कोणाला फोन करायचा आणि तातडीच्या वेळी कोणाला कळवलेले चालेल, हे समुपदेशकाने स्पष्ट विचारलेच पाहिजे. ठिकाण तर दर सत्राच्या आरंभी विचारावे. ‘आम्ही दिशा देत नाही’ असे म्हणत हे प्रश्न टाळणाऱ्या समुपदेशकाला मी या पद्धतीचा मानत नाही, कारण काळजी वाटत असताना ती लपवणे हा खरेपणाचाच भंग आहे. नजरेबद्दलही तसेच करता येते: ‘मी खाली पाहतो आहे असे तुम्हाला वाटेल, पण तेव्हा मी तुमच्याच चेहऱ्याकडे पाहत असेन’ असे आधीच सांगितले की ती अडचण बरीच निवळते. घरी एकांत नसेल, तर मात्र मीही ऑनलाइनचा आग्रह धरणार नाही.

सदानंद

एवढे विचारणारा समुपदेशक असेल तर माझा विरोध सौम्य होतो, संपत नाही. एकदा तरी समोरासमोर भेट व्हावी आणि ऑनलाइन यायचे की नाही हे त्यानंतर सल्लार्थीने ठरवावे, हा आग्रह मी सोडणार नाही.

वैदेही

तशी अट असती, तर मी समुपदेशनाला गेलेच नसते.