मिनिटं नको, मॅच मोजा

एका ताईंनी लिहिलंय की जेवायला हाक मारली की फोनवर गेम खेळत बसलेला मुलगा ‘पाच मिनिटं’ म्हणतो आणि अर्धा तास उठत नाही, म्हणून त्या आता फोनच काढून घेणार आहेत. त्याआधी एक बघा. बीजीएमआय या मोबाइल गेमची क्लासिक मॅच साधारण अर्धा तास चालते, मध्ये थांबवता येत नाही. मध्येच उठलं की टीममधले बाकीचे तिघं तोंडसुख घेतात, ते वेगळंच. त्यामुळे ‘आठ वाजता बंद’पेक्षा ‘जेवणाआधी एकच मॅच’ हे जास्त टिकतं. आमच्याकडे तरी भांडणं यानेच कमी झाली.

आणि लगेच ‘व्यसन’ म्हणू नका हो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर, म्हणजे गेम खेळण्याचा विकार आहे, पण तिथे तास मोजलेले नाहीत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण बारा महिने चालणं, असे निकष आहेत. पोरगा शाळेत जातोय, संध्याकाळी मित्रांत क्रिकेट खेळतोय, तर तो फक्त हट्टी आहे. झोप, शाळा, मित्र सगळंच सुटत चाललं असेल, तर मात्र बारा महिने मोजत बसू नका. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४पासून यासाठी ‘शट’ क्लिनिक आहे.