पहाटे नको, उन्हं वर आल्यावर

'डोंगरातल्या तळ्यावर ट्राउट पहाटेच लागतो, म्हणून थंडीत पहाटेच गळ टाका' असं इथे वर कुणीतरी लिहिलंय. तिकडे बरोबर असेल. ट्राउट, सॅल्मन थंड पाण्याचेच मासे, १०-१५ अंशांत खुशाल खातात. आपले रोहू-कटला उबदार पाण्याचे. पाणी गारठलं की ते खोल बसतात, खाणं कमी.

गोंदियाकडच्या नवेगावबांधच्या बाजूला एका मालगुजारी तलावावर (जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेला तलाव) डिसेंबरात मी सहापासून कणकेचे गोळे लावून कुडकुडत बसलो होतो. गळ हललासुद्धा नाही. एक ढिवर (मासेमार समाजातले) काका आले, हसले, 'पाणी तपू दे ना पोरा!' अकरानंतर उन्हाच्या बाजूच्या उथळ काठाला गांडूळ लावून टाकला, तासाभरात दोन रोहू. मरळ (पाण्यावर येऊन हवा घेणारा मासा) मात्र दिवसभर दिसली नाही. थंडीत ती हवा घ्यायलाही कमीच वर येते.